सुटी पेन्सिल

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात विरारच्या चंदनसार रस्त्यावरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा. आई किंवा बाबा, सोबत सातवी-आठवीतलं पोर, आणि ठरलेलं वाक्य : "चित्रकलेचं काहीतरी चांगलं दाखवा ना." दुकानदार स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढतो. चोवीस रंगांचा पसंत नसेल तर अठ्ठेचाळीसचा. त्याच्याही वर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, मार्करचा साठ नगांचा झिपवाला पाउच असतोच. पोराचे डोळे त्यावर खिळतात, आई किंमत विचारते, घासाघीस होते आणि सौदा मधल्या डब्यावर तुटतो. सहा महिन्यांनी तोच डबा उघडून पाहावा. काळी, आकाशी आणि पोपटी पेन्सिल अंगठ्याएवढी उरलेली, दोन-तीन हरवलेल्या, बाकीच्या बऱ्याचशा कारखान्यातून आल्या तशा टोकदार.

हा लेख त्या डब्याच्या विरोधात आहे. चित्रकलेत ज्याला पुढे जायचंय, मग तो शाळकरी असो की नोकरी सांभाळून पन्नाशीत हात वळवणारा, त्याने सेट घेऊ नये. सुटी पेन्सिल घ्यावी, सुटं पेन घ्यावं, ते झिजवावं, आणि झिजता झिजता जे कमी पडतंय असं हाताला कळेल तेच पुढच्या खेपेला आणावं. दर्जा हा डब्याच्या झाकणावर छापलेला नसतो. तो कागदावर तपासता येतो आणि त्यासाठी फार अक्कल लागत नाही. थोडी सवड लागते.

चंदनसारच्या माणसाला हे सांगण्यात एक जादा गंमत आहे. विरार स्टेशनहून पूर्वेला निघून फुलपाडा, मनवेलपाडा मागे टाकत कोपरीकडे आणि तिथून पुढे अहमदाबाद महामार्गाला जाणारा हा रस्ता. एका बाजूला जीवदानीचा डोंगर, दुसऱ्या बाजूला दरवर्षी नव्याने उगवणाऱ्या इमारती, आणि मध्ये उरलेले पाडे. इथल्या कलावंत पोराला वाटतं की चांगलं सामान म्हणजे जर्मनीचं नाहीतर जपानचं, आणि ते मिळतं थेट फोर्टात. प्रत्यक्षात तो ज्या रेल्वेच्या रुळांशेजारी राहतो, तो मार्ग म्हणजे देशातल्या पेन-पेन्सिलींच्या धंद्याचा एक कणाच आहे. विरारच्या अलीकडे नायगावला फ्लेअर पेनचा कारखाना. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे, पालघर ओलांडून बोईसरला उतरलं की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कॅम्लिन. आणखी पुढे डहाणू, घोलवड झालं की हद्द ओलांडून उंबरगाव, म्हणजे डोम्स. हे उंबरगाव १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा तिकडे गेलं. पोराच्या कंपासपेटीतलं निम्मं सामान मुंबईच्या दुकानात पोचण्याआधी त्याच्या घरावरून गेलेलं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

यातली कॅम्लिनची गोष्ट मराठी वाचकाला साधारण ठाऊक असते. दि. प. दांडेकर आणि त्यांचे बंधू गो. प. दांडेकर यांनी १९३१ साली गिरगावात शाईची पूड आणि शाईच्या वड्या करायला सुरुवात केली. छाप होता घोड्याचा. उंट मागाहून आला. पुढच्या पिढीतल्या सुभाष दांडेकरांनी ग्लासगोला रसायनशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि परतल्यावर शाईच्या या घराला चित्रकलेच्या रंगांकडे वळवलं. २०११ साली ओसाकाच्या कोकुयो कंपनीने बहुमताचा हिस्सा घेतला आणि नाव कोकुयो कॅम्लिन झालं. सुभाष दांडेकर २०२४ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांत जवळजवळ प्रत्येकाने आपली शाळेतली रंगपेटी आठवली होती.

डोम्सची गोष्ट कमी सांगितली जाते. १९७५ साली उंबरगावात भागीदारीत सुरू झालेला हा धंदा बरीच वर्षं इतरांसाठी पेन्सिली बनवत होता. स्वतःचं नाव त्यांनी बाजारात आणलं २००५ साली. मग इटलीच्या फिला कंपनीने २०१२ मध्ये थोडा आणि २०१५ मध्ये ५१ टक्के हिस्सा घेतला. त्याच फिलाने पुढच्या वर्षी फ्रान्सची कॅन्सन ही कागदाची जुनी गिरणीही विकत घेतली. म्हणजे एखादा हौशी चित्रकार डोम्सची पेन्सिल 'पोरांची' म्हणून बाजूला सारतो आणि कॅन्सनचं स्केचबुक 'इंपोर्टेड' म्हणून छातीशी धरतो, तेव्हा दोन्हीकडच्या पैशाचा काही वाटा एकाच घरात जात असतो. नावावरून सामानाची पारख करण्याचे दिवस असे केव्हाच सरले आहेत.

मग पारख करायची कशावरून? पेन्सिलीपासून सुरू करू.

पेन्सिल हातात घेऊन आधी तिच्या न तासलेल्या टोकाकडे सरळ बघावं. शिसं लाकडाच्या बरोबर मध्यभागी आहे का? पेन्सिलीचं लाकूड दोन पट्ट्यांचं असतं. प्रत्येकीत खाचा पाडतात, खाचांत शिशाच्या कांड्या ठेवतात, वर दुसरी पट्टी चिकटवतात आणि मग एकेक पेन्सिल कापून काढतात. खाच जराशी हुकली की शिसं एका अंगाला सरकतं. अशी पेन्सिल तासताना एका बाजूचं लाकूड टोकापर्यंत चढून येतं आणि तिरकी धरून शेडिंग करायला गेलं की कागदावर लाकूडच घासतं. ही खोड दुकानातच, एका नजरेत दिसते. दुसरी खूण लाकडाची. आपल्याकडच्या पेन्सिलींना लागणारं बरंचसं लाकूड काश्मीरच्या पॉप्लरचं. पुलवामा जिल्ह्यातलं उखू हे गाव या पट्ट्यांसाठी इतकं नावाजलं की त्याला पेन्सिलींचं गाव म्हणतात. पॉप्लर हलकं आणि स्वस्त, पण वाळवणीत कसर राहिली तर तासताना त्याचा ढलपा निघतो.

हे कळायला शार्पनर बाजूला ठेवून पातं हातात घ्यावं लागतं. दाढीचं साधं ब्लेड, अर्धं मोडून, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. पेन्सिल डाव्या हातात, पातं जवळजवळ आडवं, आणि रेटा पात्याचा नव्हे तर डाव्या अंगठ्याचा. लाकूड चांगलं असेल तर अखंड, पातळ, किंचित वळलेली साल सुटत जाते आणि आवाज एकसारखा येतो. वाईट असेल तर पातं अडखळतं, खचकन आत शिरतं, तुकडा उडतो आणि त्यासोबत शिसंही. शिसं बोटाच्या पेराएवढं उघडं झालं की त्याला खरकागदावर हलकेच फिरवून निमुळतं करायचं. असं लांब टोक कुठलाही शार्पनर देत नाही, आणि पेन्सिल आडवी धरून रुंद, मऊ छटा काढायला ते लागतंच. वर्गातल्या पोरांची पेन्सिल वारंवार तुटते, त्यात पेन्सिलीचा दोष असतो तितकाच बोथट शार्पनरचाही. कधी ती आधीच जमिनीवर पडून आतल्या आत तुकडे झालेली असते. जे कारखाने शिसं लाकडाला पूर्ण लांबीभर चिकटवतात, त्यांच्या पेन्सिली असं पडणं सोसतात.

आता शिसं. त्यात शिसं हा धातू मुळीच नसतो. ते ग्रॅफाइट असतं आणि चिकणमाती. इंग्लंडच्या बॉरोडेलमध्ये सोळाव्या शतकात शुद्ध ग्रॅफाइटची खाण सापडली आणि ते कापून कांड्या होऊ लागल्या. पुढे फ्रान्सचं इंग्लंडशी युद्ध जुंपलं, माल यायचा थांबला, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत मळून भट्टीत भाजायची युक्ती काढली. त्याचं पेटंट १७९५ चं. माती जास्त तर शिसं कडक आणि रेघ फिकट. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. एच आणि बी या अक्षरांचा सगळा पसारा एवढ्यावर उभा आहे. फाबर-कास्टेलची हिरवी ९००० पेन्सिल १९०५ साली आली, स्टेडलरची निळी लुमोग्राफ १९३० ची, आणि मुंबईची हिंदुस्तान पेन्सिल्स, म्हणजे नटराज आणि अप्सरा, १९५८ ची. सगळ्यांच्या पोटात कृती एकच. फरक पडतो तो पूड किती बारीक दळली, किती चाळली आणि प्रत्येक खेप आधीच्या खेपेसारखी निघाली का, यात.

तो फरक तपासायची सोपी रीत अशी. एक इंच रुंद, पाच इंच लांब पट्टा आखा. एका टोकाला जमेल तितका काळा, दुसऱ्या टोकाला जवळजवळ कागदाचाच पांढरा, आणि मधला प्रवास एकाही पायरीशिवाय. हलक्या हाताने, थरावर थर. शिशात खडा असेल तर कुठेतरी एक चकचकीत ओरखडा उमटेल आणि तो खोडरबराने जाणार नाही. चांगल्या पेन्सिलीत असा ओरखडा येत नाही. महागड्या जर्मन पेन्सिलीला पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी. भारतीय ड्रॉइंग पेन्सिल दहा-पंधरा रुपयांत मिळते आणि माझ्या मते शिकणाऱ्याची पहिली काही वर्षं तिच्यावर आरामात निघतात. फक्त एक पथ्य पाळावं : सगळ्या छटा एकाच कंपनीच्या घ्याव्यात. एचबी, २बी, ६बी ही मापं जगभर एकसारखी पाळायचं बंधन कोणावर नाही, त्यामुळे एकाची ४बी दुसऱ्याच्या २बीशी भावंडासारखी दिसते आणि नवशिक्याचा गोंधळ होतो.

किती छटा? कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना भूमितीसाठी एक कडक पेन्सिल लागते, एच किंवा २एच. वस्तुचित्र, स्मरणचित्र यांना एचबी आणि २बी. चौथी ६बी. बस्स. दहा-बारा छटांचा डबा घेणाऱ्याला ३बी आणि ४बीमधला फरक डोळ्यांनी दिसायच्या आधीच तो वापरायचं दडपण येतं. आणि ज्याला खरोखर काळोख हवाय, रात्रीचा प्लॅटफॉर्म काढायचाय, त्याने ६बीच्या पुढे ८बी, १०बी शोधत बसू नये. ग्रॅफाइट कितीही दाबलं तरी चमकतं. उजेड तिरका पडला की काळ्याचा करडा होतो. तिथे कोळशाची पेन्सिल हवी. तीही सुटी मिळते.

कागदाबद्दल इथे बोलायलाच हवं, कारण विरारचा पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातला कार्ट्रिज कागद हाताला थंड आणि नरम लागतो. अशा कागदावर कडक पेन्सिल रेघ मारण्याऐवजी खोबण पाडते, मऊ पेन्सिल घसरते, आणि पेनाची शाई रेघेच्या दोन्ही अंगांना केसांसारखी फुटते. पोर म्हणतं पेन खराब आहे. पेन बिचारं ठीक असतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, मध्ये पुठ्ठा घालून, सपाट ठेवावा. दुकानातून आलेल्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी त्यात टाकावी. काम करायच्या आधी कागद पंख्याखाली पसरावा. हे एवढं केलं तर दुप्पट किमतीचं पेन घ्यायची वेळ टळते. हातात पाचशे रुपये असतील तर मी निम्म्याहून जास्त कागदावर घालायला सांगेन. पेन्सिलीच्या कामाला दीडशे जीएसएमच्या आसपासचा, किंचित खरखरीत कार्ट्रिज, पेनासाठी गुळगुळीत, शाईवर पाण्याचा हात फिरवायचा असेल तर दोनशेच्या वरचा. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद ज्यांनी वापरलाय त्यांना त्याचा पोत माहीत आहे. ही संस्था १९४० पासूनची. तो कागद कोळशाला आणि बोरूला छान, पण बारीक टोकाच्या पेनांचा तो काळ आहे. त्याच्या धाग्यांत टोक अडकतं आणि चपटं होतं.

पेनांकडे वळायच्या आधी दिवाळी अंकांचाच एक जुना हिशोब सांगतो. आपल्या मराठी चित्रकारांनी शाईत इतकं अफाट काम का केलं? आवड होतीच, पण छापखान्याची अटही होती. चित्र छापायचं तर त्याचा जस्ताचा ठोकळा करावा लागे. छायाचित्रणाने चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं आणि रेघ सोडून बाकीचा धातू आम्लाने खाऊन टाकायचं. या लाइन ब्लॉकला काळं आणि पांढरं एवढंच कळे. पेन्सिलीची करडी छटा त्यात उतरत नसे. त्यासाठी हाफटोन ब्लॉक आणि बरा कागद हवा, म्हणजे खर्च. म्हणून टाक, निब, ब्रश आणि काळी शाई. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'च्या आतल्या पानांवरची रेखाटनं घ्या, वसंत सरवट्यांची घ्या, ती रेघ अशी आटोपशीर, ठाम आहे कारण तिला जस्तातून पार व्हायचं होतं. सरवटे पेशाने इंजिनियर, सिमेंट कंपनीत नोकरीला. शि. द. फडणीसांची स्वच्छ रेघ तर कित्येकांनी पहिल्यांदा पाहिली ती शाळेच्या गणिताच्या पुस्तकात. मुळगावकरांनी वेगळी वाट धरली, एअरब्रशची, ती मुखपृष्ठाच्या रंगीत छपाईला मानवणारी होती. म्हणजे चित्र अखेरीस कुठे जाणार आहे, यावर हत्यार ठरत होतं. आजच्या पोराने हाच प्रश्न विचारला तर निम्मी खरेदी आपोआप ठरते. भिंतीवर टांगायचंय? वहीत राहायचंय? की फोनने फोटो काढून लोकांना दाखवायचंय?

वहीत आणि भिंतीवर राहायचं असेल तर शाई रंगद्रव्याची हवी. पेनातल्या शाया ढोबळमानाने दोन जातींच्या. एक डायची : रंग पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळलेला. ती कागदात झिरपते, चमकदार दिसते, पण पाणी लागलं की बहुतेक वेळा पसरते आणि उन्हाने उडते. शाळेतली स्केचपेनं आणि साधी बॉलपेनं बहुतांशी याच जातीची. दुसरी पिगमेंटची : रंगाचे अतिसूक्ष्म कण न विरघळता द्रवात तरंगतात आणि वाळल्यावर कागदाच्या धाग्यांत अडकून बसतात. काळ्या पिगमेंट शाईत हे कण बहुधा काजळीचे, म्हणजे कार्बनचे, आणि कार्बनला ऊन काहीही करू शकत नाही. एवढे बारीक कण पेनाच्या टोकात न अडकता वाहते ठेवणं अवघड होतं. ओसाकाच्याच साकुरा कंपनीने १९८२ साली ते जमवलं आणि त्यातून पिग्मा मायक्रॉन पेन निघालं. आता स्टेडलर, युनी अशा अनेकांची त्या जातीची पेनं मिळतात. पेनावर 'पिगमेंट' आणि 'वॉटरप्रूफ' हे दोन्ही शब्द वाचावेत. एक शब्द असून भागत नाही.

मायक्रॉनच्या आकड्यांनी मात्र भले भले फसतात. ०५ लिहिलंय म्हणजे अर्धा मिलिमीटर असं वाटतं. तसं नाही. ००५ म्हणजे ०.२० मिलिमीटर, ०१ म्हणजे ०.२५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५०. म्हणजे ०५ आणि ०८ मध्ये डोळ्याला जेमतेम जाणवेल इतकाच फरक, तरी सहा पेनांच्या सेटमध्ये दोन्हींचे पैसे मोजायचे. सुटी दोन घ्या, ०१ आणि ०५. एकेक शंभराच्या वर जातं, तेव्हा तेही जपून. टोक प्लॅस्टिकचं असतं. बॉलपेनासारखं दाबून लिहायची सवय असलेला हात ते पंधरा दिवसांत आत ढकलतो. पेन उभं धरावं, पेन्सिलीची रेघ आधी खोडू नये, शाई वाळल्यावर खोडावी, आणि खरखरीत कागदावर बारीक टोक वापरूच नये.

ज्याला खर्च परवडत नाही त्याच्यासाठी जुना रस्ता उघडा आहेच : कॅमलची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकची छोटी बाटली, लाकडी टाक आणि दोन-तीन निबा. एका निबेतून केसासारखी रेघही येते आणि दाब दिला की चौपट जाडही. हे कुठल्याही फाइनलायनरला जमत नाही. हात काळे होतात, बाटली एकदा तरी सांडते, निब दर दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसावी लागते, आणि ही शाई चुकूनही फाउंटन पेनात भरायची नाही. वाळली की पेन कायमचं बंद. पण एक बाटली वर्षभर पुरते. फाइनलायनरच्या एकसारख्या रेघेने नवशिक्यांची चित्रं नकाशासारखी सपाट होतात असं माझं मत आहे, आणि टाकावर सहा महिने काढलेला हात नंतर फाइनलायनरही वेगळा चालवतो.

अक्षरांची आवड असलेल्यांसाठी जाता जाता. परदेशी कॅलिग्राफी सेटमधली निब रोमन अक्षरांच्या हिशोबाने असते. देवनागरीत जाड-बारीकचा कल नेमका उलटा, म्हणून बोरूचा काप उलट्या तिरकस बाजूने घेतात. र. कृ. जोशींनी आणि त्यांच्यानंतर अच्युत पालवांनी बोरूपासून वाट्टेल त्या साधनापर्यंत देवनागरी चालवून दाखवली आहे. बांबूची कामटी आणि धारदार सुरी असेल तर हा बोरू घरी फुकट होतो, आणि फुकटचा आहे म्हणून तो त्या सेटपेक्षा कमी दर्जाचा ठरत नाही.

राहिले मार्कर. इथे माझा हात आखडता आहे. दोन्ही टोकांचे, स्पिरिटच्या शाईचे मार्कर सध्या पोरांच्या डोक्यात भरले आहेत. १९८७ साली जपानमध्ये कॉपिक आलं, तेव्हा ते व्यावसायिक चित्रकारांसाठी होतं, जाहिरात आणि कॉमिक्सवाल्यांसाठी. त्यांची चित्रं छापून होत. मूळ कागद फिका पडला तरी बिघडत नसे. त्याची शाई पुन्हा भरता येते, टोक बदलता येतं, म्हणून एकेका मार्करची किंमत अनेक वर्षांवर वाटली जाते. बाजारातल्या साठ नगांच्या पाउचमध्ये यातलं बहुधा काहीच नसतं. संपला की कचऱ्यात. शिवाय ही शाई साध्या कार्ट्रिजमधून आरपार जाते, मागचं पान आणि त्याच्याही मागचं पान खाते, म्हणजे त्यासाठी वेगळा कागद आला. शिकणाऱ्याला छायाप्रकाश समजायला तीन करडे मार्कर पुरतात : एक फिकट, एक मध्यम, एक गडद. रंग नंतर.

आणि कुठलाही रंगीत मार्कर किंवा पेन घेतलं की त्याची उन्हाची परीक्षा घ्यावी. जाड कागदाच्या पट्टीवर सगळ्या रंगांच्या रेघा शेजारी शेजारी ओढायच्या, खाली नावं लिहायची, अर्धी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाकायची आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची. दिवाळीत लावलेली पट्टी शिमग्याला उतरवा. झाकलेला अर्धा आणि उघडा अर्धा शेजारी ठेवले की झाकणावरच्या जाहिरातीला उत्तर मिळतं. गुलाबी आणि जांभळा बहुतेक सगळ्यात आधी माघार घेतात. पेन्सिल आणि कार्बनची काळी शाई जशीच्या तशी. ज्या चित्रावर महिनाभर खपायचं ते कशात काढायचं, हे पट्टी बघून ठरवावं.

याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे राहत. वारली बायका लग्नात भिंतीवर चौक लिहीत. तांदळाच्या पिठाचं पाणी, डिंक, आणि रेघेला बांबूची काडी, टोकाला चावून तिचा ब्रश केलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी शासनाच्या हस्तकला विभागाकडून इथल्या पाड्यांवर आले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर यायला लागलं. म्हशे हे लग्नाची वाट न पाहता, पुरुष असूनही, रोज चित्र काढणारे. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची मासेमारीची जाळी पाहावीत : हजारो बारीक रेघा, एकीसारखी दुसरी नाही, आणि हाताला कुठेही घाई नाही. काडीला रंग धरून ठेवता येत नाही, दर दोन-तीन बोटांच्या अंतरावर ती पुन्हा बुडवावी लागते. त्या बुडवण्यातून रेघेचा श्वास ठरतो, ठिपक्यांच्या ओळी येतात. आता मगवर, कुर्त्यांवर वारली काढणारे पांढरा पोस्का मार्कर किंवा पांढरं जेल पेन वापरतात. काम झटपट होतं, रेघ एकाच जाडीची येते, आणि माणसं जरा ताठ उभी राहतात. पेनाला नावं ठेवायचं कारण नाही; गेरूच्या कापडावर पांढरं झाकलं जाईल असं पेन हवंच असेल तर पोस्काच घ्यावा, त्याची शाई पिगमेंटची आणि पाण्यातली आहे. पण एकदा काडीने काढून पाहिल्याशिवाय पेनात काय हरवलं ते कळायचं नाही. चंदनसारच्या आसपासच्या पाड्यांवर ही काडी कशी चावायची हे सांगणारं माणूस सापडायला फार हिंडावं लागू नये.

तर यादी हातात द्यायची झाली तर अशी : एचबी, २बी आणि ६बी, परीक्षा असेल तर एच, पिगमेंटची दोन पेनं, ०१ आणि ०५, धूळ न सोडणारा एक खोडरबर, ब्लेड, आणि उरलेल्या सगळ्या पैशांचा कागद. पेन्सिल अंगठ्याहून लहान झाली की ती झरणीच्या टोपणात खोचून अजून महिनाभर चालते. त्यानंतरच दुकानात जायचं. वाचलेल्या पैशात वसईच्या किल्ल्यापर्यंतचं भाडं निघतं, नाहीतर चर्चगेटपर्यंतचं. जहांगीर कलादालनात १९५२ पासून आत जायला तिकीट नाही, आणि तिथे टांगलेल्या रेखाटनाला नाक लावून रेघ कशाची आहे ते ओळखण्याचा सराव फुकट होतो.

सुट्या मालाची एक अडचण खरी आहे. चंदनसारच्या दुकानात ६बी मागितली की बरेचदा डबाच पुढे येतो, कारण सुटी विकण्यात दुकानदाराला सुटत काही नाही आणि कंपनीचा माणूस सेटवर जास्त कमिशन देतो. मुंबईतल्या अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारात गेलं तर तिथे एका छटेचा डझनाचा बॉक्सच घ्यावा लागतो. ड्रॉइंगच्या क्लासमधल्या चौघांनी मिळून एचबी, २बी आणि ६बीचा एकेक बॉक्स आणावा. प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक छटेच्या तीन-तीन येतात आणि रेल्वेचं भाडंही चौघांत वाटलं जातं. जाणाऱ्याने फक्त बॉक्स तिथेच उघडून बाराच्या बारा पेन्सिलींची टोकं बघून घ्यावीत. शिसं मध्यभागी नसेल तर बॉक्स तिथल्या तिथे बदलून मिळतो, विरारला येऊन मिळत नाही.